आधी गॅस, शेवटी ठिणगी

तुम्ही इंजिन फार छान चालवता, असं कुणी म्हटलं की मिस्त्रींचं डोकं फिरायचं. समोरचा माणूस पाहुणा असो, तहसिलातला अंमलदार असो की कापसाची गाडी सोडून पाणी प्यायला आलेला शेतकरी असो, ते त्याला तिथंच अडवायचे. "चालवायला काय, कुणीबी चालवतंय," म्हणायचे. "बंद करता येतंय का, ते इचारा." आणि नाही विचारलं तरी सांगायचे. तेही अर्धा तास, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून. पाणी प्यायला आलेला माणूस पाणी न पिताच निघून जायचा.

उमरग्याच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून आमचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना. मी तिथं सुपरवायझर होतो. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचा मुलूख नुकताच हैदराबादकडून सुटून मुंबई राज्याला जोडला गेला होता. कागद बदलले, शिक्के बदलले, मिस्त्री मात्र तेच राहिले. ते निजामीत या इंजिनावर आले होते आणि त्यांच्या बोलण्यात अजून 'मुआयना', 'बिलकुल' असे उर्दू शब्द येत. माझ्याकडं सोलापूरचा डिप्लोमा होता. वय सव्वीस आणि डिप्लोमा कोरा, म्हणजे माणूस कुणाचं ऐकण्याच्या पलीकडं गेलेला असतो.

इंजिन गॅसवर चाले. आताच्या सिलिंडरातल्या गॅसवर नव्हे. शेडच्या बाहेर एक उभी भट्टी होती. तीत लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा, त्यातून सुटणारा गॅस पाण्यानं धुवायचा, नळानं इंजिनात ओढून घ्यायचा आणि तिथं विजेच्या ठिणगीनं पेटवायचा. इंजिनाला पुरुषभर उंचीची दोन लोखंडी चाकं होती. चाकाशेजारच्या कप्पीवरून एक रुंद पट्टा भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडं जाई आणि तिथले सरकी काढायचे रेचे फिरवी. रेच्यांवर वीस-बावीस बाया दिवसभर कापूस घालत बसत. त्यांच्या आणि त्या चाकांच्या मध्ये एका विटेची भिंत होती, आणि ही गोष्ट मिस्त्री दिवसातून दहा वेळा बोलून दाखवत.

आणखी एक गोष्ट ते बोलून दाखवत, ती हौदाची. इंजिनाचा धूर आवाज करत बाहेर पडू नये म्हणून तो आधी अंगणाखालच्या विटांच्या बंदिस्त हौदात जाई आणि तिथून नळीवाटे वर. घाईत कुणी नुसती ठिणगी तोडली, तर चाकं काही लगेच थांबत नाहीत. ती आपल्या जोरानं फिरत राहतात आणि न जळलेला गॅस ओढून त्या तापलेल्या हौदात भरत राहतात. मग तो कधी पेटेल आणि अंगण कधी वर येईल, याचा भरवसा नाही. म्हणून मिस्त्रींचा क्रम ठरलेला. आधी गॅसचा कॉक फिरवायचा. मग कॉकशेजारची साखळी ओढून भट्टीचं धुराडं उघडायचं, म्हणजे भट्टीत तयार होत राहिलेला गॅस आभाळात जातो. आणि इंजिनातला शेवटचा गॅस जळून गेला की मगच ठिणगी. हे सगळं सात आकडे मोजेपर्यंत झालं पाहिजे, आणि डोळे मिटून झालं पाहिजे.

मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझा डिप्लोमा बघितला नाही. मला इंजिनापासून दहा पावलांवर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, करा बंद. मी हसलो. मग डोळे मिटून निघालो आणि दुसऱ्याच पावलाला तेलाच्या डब्यात पाय घालून गुडघ्यावर पडलो. झरोक्यातून बाया बघत होत्या. त्यांच्यात गोदाबाई म्हणून एक जाडजूड, तोंडाळ बाई होती, सगळ्या बायांची पुढारीण. ती म्हणाली की नवीन साहेबांनी इंजिनाला लोटांगण घातलं. मिस्त्री हसले नाहीत. मला हाताला धरून उठवत म्हणाले, "साहेब, ज्या दिशी हे बंद करायची पाळी येईल, त्या दिशी दिवा गेलेला आसंल, डोळ्यात वाफ गेलेली आसंल. तवा काय डिप्लोमा वाचत बसनार का?"

हे मी त्यांना बरेच दिवस माफ केलं नाही.

बंद करण्याचं हे वेड इंजिनापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते कुणाच्याही घरी गेले की आधी चुलीपासून दारापर्यंतची पावलं मोजायचे. लग्नाच्या पंगतीत दाराकडं तोंड करून बसायचे आणि शेजाऱ्यालाही तसंच बसायला लावायचे. एकदा आम्ही दोघं सोलापूरला सुटे भाग आणायला निघालो होतो. मिस्त्री बसमध्ये चढले ते थेट ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले, आणि नळदुर्गच्या उतारावर त्याला विचारू लागले की ब्रेक न्हाय लागला तर आधी काय करशील, मग काय करशील. ड्रायव्हर चांगला मिशीवाला होता. त्यानं तीन वेळा ऐकून घेतलं आणि चौथ्यांदा गाडी थांबवून आधी तुम्हाला उतरवीन म्हणाला. मिस्त्रींना हे उत्तर पटलं. म्हणाले, थांबवायची आठवण तरी झाली.

त्यांच्या मुलीला बघायला उमरग्याचा एक मुलगा आला होता. बाकीच्यांनी शेती किती, शिक्षण किती असं विचारलं. मिस्त्रींनी विचारलं, राग आला तर कसा थांबवता. मुलगा म्हणाला, मला रागच येत नाही. मिस्त्रींनी ते स्थळ मोडलं. पुढं एक दुसरा आला, तो म्हणाला की राग आला की मी विहिरीवर जाऊन बसतो. त्याच्याशी लग्न झालं आणि मुलगी सुखात आहे, असं मिस्त्री सांगत. ती खरंच सुखात होती का मला माहीत नाही, पण मिस्त्रींच्या बोलण्यात मला एवढं एकच लग्न यशस्वी झाल्याचं आढळलं.

थंडीत इंजिनघराची ऊब घ्यायला कुणी आत येऊन झोपलं तर त्याची खैर नसे. त्या गॅसला धड वास नाही, रंग नाही, नळ जरासा गळत असला तरी झोपलेला माणूस झोपेतच जातो. मिस्त्री हे समजावत बसत नसत. आमचा राखणदार एकदा दुपारी तिथं घोंगडी अंथरून पडला, तर त्यांनी बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. पौषातली थंडी. राखणदार महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, पण पुन्हा आत झोपलाही नाही.

भांडण झालं ते शनिवारवरून. दर शनिवारी, कधी सकाळी, कधी भर दुपारी, सगळे रेचे जोरात चालू असताना मिस्त्री एकदम डोळे मिटत आणि कुठं उभे असतील तिथून कॉककडं चालू लागत. एक, दोन, तीन म्हणत. सातला ठिणगी तुटे. चाकं मंदावत जात, पट्टा ढिला पडे आणि पलीकडं रेचे थांबत. मग गोदाबाईचं तोंड झरोक्यात दिसे आणि ती विचारी, "का वं मिस्त्री, आज कुनाचं लगीन मोडलं?" बाया हसत, पदर झटकत, पाणी पिऊन घेत. पण भट्टी पुन्हा फुंकून, गॅस नीट जळतो का ते पाहून इंजिन सुरू करायला पाऊण तास मोडे. ऐन हंगामात, दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, कारण काही नसताना इंजिन बंद. मी दोन हंगाम सोसलं. मग मालकांना लिहून कळवलं.

आमचे मालक सेठ सोलापूरला राहत आणि महिन्यातून एकदा येत. मनानं वाईट नव्हते, पण शकुन-अपशकुनाच्या फार अधीन. त्यांनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं की आता सुपरवायझरनी सांगितल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. मिस्त्रींनी मान हलवली. माझ्याकडं पाहून विचारलं, "तुमाला इचारून मग?" मी हो म्हणालो. त्या 'हो'चं मला त्या वेळी केवढं सुख झालं होतं, ते आठवलं की अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून ते इंजिन सुरू करण्याआधी, थंड इंजिनावर, रोज सकाळी डोळे मिटून बंद करायला लागले. थंड इंजिन बंद करायला मनाई करता येईना.

दिवाळीनंतर हंगामाचा मुहूर्त असे. त्या वर्षी सेठ चार पाहुणे घेऊन येणार होते. मिस्त्री दिवाळीला आपल्या गावी, सास्तूरच्या पलीकडं गेले होते. ते नाहीत हे बघून मी एक काम उरकून घेतलं. सगळं इंजिन हिरव्या तैलरंगानं रंगवून काढलं. ते असते तर त्यांनी ब्रश धरू दिला नसता. कुठं रंग लावायचा आणि कुठं नाही, हे रंगाऱ्याला सांगायला मीही तिथं थांबलो नाही. इंजिन नव्या नवरीसारखं दिसायला लागलं आणि मी खूश झालो.

मुहूर्ताच्या दिवशी मिस्त्रींची गाडी उशिरा आली. ते पोचले तेव्हा भट्टी पेटलेली होती, भटजी येऊन बसले होते आणि अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. त्यांनी इंजिनाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाले, तासभर द्या, एकदा सगळीकडं हात फिरवून बघतो. मी म्हणालो, मुहूर्त टळेल. ते खरंच होतं. मुहूर्ताला अर्धीच घटका उरली होती.

मिस्त्रींनी चाकं फिरवून दिली. सेठनी त्यांच्या सांगण्याप्रमाणं कॉक उघडला आणि इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी कॉक हातानं कमीजास्त करत वेग धरला, पट्टा चढवला, पलीकडं रेचे फिरू लागले. आता आमच्याकडची रीत अशी होती, की मुहूर्ताला सुरू झालेलं इंजिन रुईचा पहिला बोजा भरेपर्यंत थांबू द्यायचं नाही. थांबलं तर हंगाम वाया. भटजींनी त्यावर आणखी एक गोष्ट केली. हंगाम अखंड चालावा म्हणून उघड्या कॉकची मूठ आणि नळ यांना मिळून लाल नाड्याचे सात वेढे दिले, गाठी मारल्या आणि त्यात एक नारळ बांधला. वरून झेंडूची माळ घातली. पाहुण्यांनी हात जोडले.

मिस्त्री पुढं झाले आणि म्हणाले की हे सोडा. बाकी इंजिनाला कुठंबी बांधा, इथं न्हाय. सेठ म्हणाले, संध्याकाळी सोडू, बोजा भरू दे. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात होतं. मी नुसतं 'सेठजी, ते म्हणतात ते बरोबर आहे' एवढं बोललो असतो तरी झालं असतं. मी म्हणालो, "मिस्त्री, आजच्या दिवस राहू द्या."

"मग हौदावरची मान्सं उठवतो," असं म्हणून ते बाहेर गेले.

अंगणात पाहुणे नेमके हौदावर बसले होते. जागा सपाट होती आणि सावलीची होती. मिस्त्री जाऊन सतरंजीचं टोक धरून ओढायलाच लागले. दोघं जण उठले. सेठ माझ्यामागून बाहेर आले आणि ते बघून भडकले. ते मुद्दाम जाऊन सतरंजीच्या मधोमध बसले आणि उरलेल्या दोघांनाही त्यांनी हात धरून बसवलं. मी दारातून हे बघत होतो आणि मनातून म्हणत होतो की आता म्हाताऱ्याची नोकरी गेली.

तेवढ्यात माझ्या पाठीशी फाडकन आवाज झाला. पट्ट्याचा सांधा पावसाळाभर पडून कुजला होता, तो फाटला होता. पट्टा सापासारखा उसळून भिंतीवर आपटला आणि खाली पडला. पलीकडचे रेचे थांबले.

इंजिन थांबलं नाही. ओढायला काही उरलं नाही म्हणून ते मोकाट सुटलं. अशा वेळी वेग आवरायला इंजिनावर दोन फिरते गोळे असतात. वेग वाढला की ते फाकतात, त्यांना जोडलेली एक दांडी सरकते आणि गॅस आपोआप कमी होतो. गोळे पुरते फाकले होते. दांडी हलत नव्हती. चाकांचा आवाज चढत गेला, मग त्याचा आवाज राहिला नाही, दातात कळ यावी तसं काहीतरी झालं. पायाखालची फरशी थरथरू लागली. बिडाचं चाक ठरावीक वेगापलीकडं गेलं की फुटतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. फुटलं तर त्याचे तुकडे त्या एका विटेच्या भिंतीतून कुठं जातील, ते पुस्तकात नव्हतं, पण मला दिसत होतं. पलीकडं बायांना वाटलं होतं, रेचे थांबले म्हणजे मिस्त्री इंजिन बंद करतायत. त्या निवांत हसत-बोलत होत्या. आणि गोदाबाई नेहमीप्रमाणं झरोक्यात तोंड घालून विचारत होती की मिस्त्री, मुहूर्तालाच का वं.

मी कॉककडं धावलो. मूठ धरून फिरवायला गेलो तर ती जागची हलेना. नव्या सुताचे सात वेढे, ओल्या हळदीनं घट्ट झालेल्या गाठी, मध्ये नारळ. नखं लावली, नख मोडलं. वितीवर ठिणगीची दांडी होती, मोकळी. मी तिच्यावर हात ठेवला. सेठ हौदावर बसलेत हे मला माहीत होतं. तरी मी हात ठेवला. मला फक्त तो आवाज थांबायला हवा होता.

माझं मनगट कुणीतरी इतक्या जोरात धरलं की हात बधिर झाला.

"ठिनगी न्हाय," मिस्त्री म्हणाले. "हौदावर मान्सं हायेत."

त्यांनी मला बाजूला ढकललं आणि झरोक्याकडं तोंड करून ओरडले, "गोदाबाई, बायांला घेऊन परसात पळ." जन्मात कुणाचं न ऐकणारी ती बाई एक शब्द न बोलता वळली. मग मिस्त्रींनी दोन्ही हातांनी कॉकची मूठ धरली, नळाला पाय लावला आणि सगळं अंग मागं टाकलं. नाडा त्यांच्या पंजात रुतला. बोटांतून रक्त उतरलं आणि मुठीवरच्या कुंकवात मिसळलं. त्यांनी डोळे मिटले होते. एक वेढा तुटला. दुसरा तुटला. फरशीवरच्या तेलाच्या डब्यातलं तेल उसळून बाहेर सांडत होतं. मी काय करत होतो? मी उभा होतो. मग उरलेले वेढे एकदम तुटले, नारळ खाली पडून फुटला आणि मूठ फिरली.

"एक," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी साखळी ओढली. बाहेर धुराड्यातून गॅस सुटल्याचा सुस्कारा आला. चार, पाच. इंजिनानं दोन-तीन फटके दिले, पोटातला शेवटचा गॅस जाळला. सातला त्यांनी ठिणगी तोडली. चाकं अजून फिरतच होती, पण आता आपल्या जुन्या जोरावर. आवाज उतरत उतरत ओळखीचा झाला. शेवटी ती पुरती थांबली.

मग मिस्त्री त्या गोळ्यांपाशी गेले. दांडीच्या सांध्यावर रक्ताळलेलं बोट फिरवलं आणि नखानं खरवडलं. हिरव्या रंगाची जाड पापडी निघाली. रंग सांध्यात उतरून वाळला होता. त्यांनी ते नख बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. एवढंच.

सेठ आत आले तेव्हा त्यांना तुटलेला नाडा दिसला, फुटलेला नारळ दिसला, बोजा भरायच्या आत बंद झालेलं इंजिन दिसलं. हौदावर आपण बसलो होतो याचा अर्थ त्यांना कळलाच नाही. चालतं इंजिन एकदम हाताबाहेर कसं गेलं, म्हणून त्यांनी विचारलं. मिस्त्री हाताला धोतराचा सोगा गुंडाळत राहिले. मग सेठनी मला विचारलं, सुपरवायझर, तुमचं काय म्हणणं आहे. शेडमध्ये मी, सेठ, पाहुणे, भटजी आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाया होत्या.

मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. हात चुकतो."

त्याच दिवशी दुपारी मिस्त्रींना कामावरून काढल्याचा निरोप मिळाला. बायांनी मिस्त्रींना काढू नका म्हणून गोदाबाईला सेठकडं पाठवलं, पण सेठ तोवर सोलापूरला निघाले होते. चारच्या सुमाराला मिस्त्री आपली पत्र्याची पेटी घेऊन इंजिनघरात आले. मला वाटलं, आता सुनावतील. मी तयार होतो. त्यांनी पेटी दारात ठेवली, मला इंजिनापासून दहा पावलांवर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

मी आठ वेळा चुकलो. कधी साखळी चुकली, कधी आधी ठिणगीवर हात गेला. ठिणगीवर हात गेला की ते मनगटावर चापट मारत, शाळेतल्या मास्तरासारखी. नवव्या वेळी सात आकड्यांत झालं. त्यांनी आणखी तीनदा करायला लावलं. मग झरोक्यापाशी जाऊन गोदाबाईला सांगितलं की दर शनिवारी, तुझ्या मनाला येईल तेव्हा, इथनं 'बंद' म्हणून हाक मारायची. साहेब डोळं मिटून बंद करतील. न्हाय केलं तर बायांनी त्या दिशी कापूस घालायचा न्हाय. गोदाबाईनं डोळ्याला पदर लावला. मिस्त्री पेटी घेऊन रस्त्याला लागले.

त्या हंगामात गोदाबाईनं एकही शनिवार सोडला नाही. मी बंद करत गेलो. पाऊण तास मोडायचा, गाड्यांची रांग लागायची, पण मी सेठना काही कळवलं नाही. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर सेठ हिशेबाला नव्हे, असेच आले होते. चहा पिताना मी त्यांना सगळं सांगितलं. रंग मी लावला, सांधा रंगानं धरला, आणि तुम्ही हौदावर होता म्हणून त्यांनी माझा हात धरला. सेठनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, असं असेल तर घेऊन या त्यांना परत, मी कशाला नको म्हणू. इतकं सोपं होतं ते. वर्षभर मी एक वाक्य गिळून बसलो होतो.

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. सास्तूरपर्यंत गाडी, तिथून पुढं चालत. मिस्त्री घरासमोर लिंबाखाली बसून मोटेचं चामडं शिवत होते. भावाच्या शेतात राबत होते, हे त्यांच्या अंगावरून कळत होतं. उजव्या पंजावर आडवा पांढरा वण होता, त्यामुळं दाभण नीट धरता येत नव्हतं. मला बघून त्यांना आनंद झाला, खरोखर आनंद झाला. मी सेठचा निरोप सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, शनवारी किती आकड्यांत होतं?

"सहा," मी म्हणालो.

ते इतके खूश झाले की चामडं खाली ठेवलं. मग मी निरोप सांगितला. ते म्हणाले, "मग म्या कशाला आता? तुमाला बंद करता येतंय, बघायला गोदाबाई हाय." मी परोपरीनं सांगितलं. ते हसून मान हलवत राहिले. मला वाटत होतं, यांनी एकदा तरी मला शिव्या द्याव्यात. त्यांनी मला जेवायला बसवलं.

त्यांची बायको चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होती. माझ्या ताटात भाकरी टाकताना तिनं खाली बघूनच विचारलं, "साहेब, तुमी शिकलेली मानसं. खरंच ह्यांचा हात चुकला व्हता का वं? गाव म्हनतंय, म्हाताऱ्यानं सेठचं इंजिन बिघडवलं. ह्ये तर काय सांगतच न्हायत."

मिस्त्री म्हणाले, जेवू दे त्यांना.

मी घास ताटात ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. रंगाचं सांगितलं, नाड्याचं सांगितलं, आणि सेठनी विचारल्यावर मी काय बोललो, तेही शब्दाला शब्द सांगितलं. मिस्त्री मध्ये दोनदा 'राहू द्या' म्हणाले. मी थांबलो नाही. माझं सांगून झालं तरी तिचा पिठाचा हात परातीवर तसाच होता.

"वरीस झालं," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता, नवऱ्याकडं बघत. "रोज टाकून बोलायले म्या ह्यांला."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"भाकर करपायली," ते म्हणाले.

तिनं ती तव्यावरून काढली नाही.